घंटा राणीच्या गळ्यात

अर्ज तयार होता. फक्त माझी सही बाकी होती.

अर्जात लिहिलं होतं की रानगव्यांच्या कळपाने वाडीच्या आठ म्हशी डोंगरावर अडवून ठेवल्या आहेत. म्हशींच्या जीवाला धोका आहे, तरी फटाके वाजवून गवे हुसकावण्याची परवानगी मिळावी. खाली सतरा सह्या आणि चार अंगठे होते. धोका आहे की नाही हे आधी गुरांच्या डॉक्टरांनी लिहून द्यावं, असं वनखात्याने सांगितलं होतं. म्हणून कागद माझ्या टेबलावर आला होता.

मी पोलादपूर तालुक्यात गुरांची डॉक्टर आहे. सरकारी भाषेत पशुधन विकास अधिकारी. त्या आठवड्यात लसीकरणाचे आकडे भरायचे होते, दवाखान्याच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि जीपला डिझेल नव्हतं. सही करून कागद पुढे ढकलणं सोपं होतं.

अर्ज घेऊन आलेले विठोबा बाकावर बसायला तयार नव्हते. वय साठीच्या आसपास. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"करा मॅडम सही. मिनिडोर रिक्षा बाहेर थांबलीय."

"म्हशी कधीपासून वर आहेत?"

"आज तिसरा दिस."

"त्या जिवंत आहेत हे कशावरून?"

"घंटा वाजते ना. सकाळ-सांज ऐकू येते. माळावर हायत."

"मग हाकून आणा."

"गेलो हुतो. चौघं हुतो. गव्याची मादी अंगावर आली. पळताना एक चप्पल तिथंच राहिली." ते थोडे पुढे झुकले. "खरं सांगू? त्यो मोठा नर हाय ना, त्यानं आमच्या म्हशी आपल्या कळपात घेतल्यात. सोडत नाय."

दवाखान्याचे परिचर नामदेव कोपऱ्यात सुया उकळत होते. ते तुडील गावचे. नोकरी छत्तीस वर्षं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि चप्पल रे विठोबा? तीपण कळपात घेतली का त्यानं?"

विठोबा हसले नाहीत. "तुमाला मस्करी सुचते. आमच्या वैनीच्या पाच म्हशी हायत त्यात. तीन गाभण. एक तर आज-उद्यावर आलेली."

गवा आणि म्हैस यांचं जमत नाही. गव्याला लोक बायसन म्हणतात, पण नात्याने तो गाय-बैलाच्या जवळचा. म्हैस वेगळ्या घराण्यातली. गवा म्हशी पळवत नाही, ठेवूनही घेत नाही. हे मी विठोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटल्याचं दिसलं नाही.

"परवानगी नाय मिळाली तरी उद्या सांजेला आमी बार काढनार," ते म्हणाले. "दिवाळीचे सुतळी बॉम्ब शिल्लक हायत."

त्यांच्या डोंगराचा नकाशा नामदेवांनी मला केसपेपरच्या मागच्या बाजूला काढून दाखवला. खाली वाडी. वाडीच्या वर ओढा. ओढ्यापलीकडे माळ. माळाच्या तिन्ही बाजूंना कडा. ओढ्याच्या बाजूने बार काढला तर गवे आणि म्हशी मिळून उरलेल्या तीन बाजूंना पळणार. गवा त्या डोंगरात वाढलेला, तो कडा ओळखतो. घाबरलेली गाभण म्हैस कड्यापाशी थांबेल याची खात्री मी देऊ शकत नव्हते.

मी सही केली नाही. "आज संध्याकाळी येते," म्हणाले. जीपमध्ये डिझेल नामदेवांनी कुठून आणलं ते मी विचारलं नाही.

डांबरी रस्ता संपतो तिथून वाडी पाऊण तासाची चढण आहे. कापणी होऊन गेली होती. खाचरांत भाताची खुंटं उरली होती. वाडीत बावीस घरं, त्यातली तेरा बंद. माणसं मुंबईला, गणपतीत आणि शिमग्याला येतात.

सगुणाकाकी विठोबांच्या वहिनी. नवरा वारलेला, दोन्ही मुलं मुंबईत, मुलगी सुरेखा बिरवाडीत दिलेली. म्हशींवर घर चालतं. दुभत्या म्हशी त्या गोठ्यात बांधून वैरणीवर सांभाळतात. भाकड आणि गाभण म्हशी रोज माळावर चरायला जातात. दोन्ही घरच्या म्हशी एकत्र, एक दिवस काकींची पाळी, एक दिवस विठोबांची. पाळी म्हणजे सकाळी ओढ्यापर्यंत सोडायला जायचं. संध्याकाळी म्हशी आपल्या आपण येतात. इतकी वर्षं तसंच चाललं होतं.

काकी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. पाच दावणी रिकाम्या होत्या. रडण्याओरडण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

"दुभत्या हायत त्या आटत चालल्यात," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्साचं दूध सगळं वर हाय, बाय. ते कड्यावरनं गेलं तर मी गोठा झाडून मुंबईला पोराकडं जायाची. तिथं काय करनार? गॅलरीत बसनार."

गोठ्याच्या अगदी दारालगत एक सहावी दावण होती. तिथली जमीन खुरांनी खोलगट झाली होती. कडेला शेण नव्हतं, वाळलेलं गवतही नव्हतं. बऱ्याच दिवसांत तिथे जनावर बांधलेलं नसावं.

"इथे कोण होती?"

काकींनी माझ्याकडे नीट बघितलं. "चांदी. तुमीच काढा म्हनालात ना."

मग मला आठवलं.

पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही जनावरांची यादी करत होतो. यादीत रकाने असतात. वय, वेत, दूध, गाभण आहे की नाही. चांदी सतरा वर्षांची. दोन वर्षं भाकड. पुढचे दात झिजलेले. अशा जनावराबाबत आम्ही सल्ला देतो, त्याला कलिंग म्हणतात. कळपातलं निरुपयोगी जनावर काढून टाकायचं म्हणजे चारा कामाच्या जनावरांना मिळतो. शास्त्र बरोबर आहे. परीक्षेत मी त्यावर चांगले मार्क मिळवले होते. चांदीच्या नावापुढे मी खूण केली आणि काकींना सांगितलं, "हिला काढा. फुकट खाते." तपासायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

"व्यापाऱ्याला दिली?"

"नाय दिली. हात धजला नाय. बिरवाडीला सुरेखाकडं पाठवली. तीन आठवडे झाले."

"म्हशी परत यायच्या कधी थांबल्या?"

काकींनी बोटांवर दिवस मोजले. "चांदी गेली तवा पाऊस लांबलेला. गुरं घरीच बांधलेली. वर सोडली ती ह्याच सोमवारी."

म्हणजे चांदीशिवाय म्हशी माळावर गेल्या त्या पहिल्याच दिवशी परतल्या नाहीत. नामदेवांनी तंबाखूची डबी उघडली आणि पुन्हा मिटली. छत्तीस वर्षांत त्यांनी सात डॉक्टर बघितले आहेत. कुणाला कधी काय बोलू नये हे त्यांना कळतं.

साडेचार वाजता आम्ही ओढ्याच्या अलीकडच्या खडकावर जाऊन बसलो. मी, नामदेव, सगुणाकाकी आणि वनपाल शिंदे. शिंदे साताऱ्याकडचे, गव्यांच्या भागात आठ वर्षं काढलेले. त्यांनी आम्हाला वारा तोंडावर येईल अशा जागी बसवलं आणि फोन बंद करायला लावले.

पावणेपाचला गवे आले. आधी एक मादी. डावा कान फाटलेला. ती कारवीच्या झुडपांतून बाहेर आली, थांबली, हवा घेतली आणि पाण्याकडे चालू लागली. मग तिच्यामागे बाकीचे. एकूण नऊ. पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. दोन पिल्लं, त्यातलं एक अजून पिवळसर तांबूस, म्हणजे काही दिवसांचंच. नर शेवटी आला, कळपापासून बराच लांब, आणि आमच्याकडे कूस करून उभा राहिला. बैलाच्या दीडपट होता.

"हाच तो म्हशी पळवणारा," शिंदे हळू आवाजात म्हणाले. "काकी, हा पाहुणा आहे. आठ-दहा दिवसांनी जाईल निघून. मोठे नर बरेचदा एकटेच फिरतात. लोक म्हणतात, कळपाने हाकलला, पिसाळला. तसं काही नसतं. त्याला कळपाची गरज वर्षातून थोडे दिवसच लागते."

"मंग कळप कोन चालवतं?"

"ती. फाटक्या कानाची."

"म्हातारी हाय ती," काकी म्हणाल्या.

"हो. पिल्लू नाही तिला या वर्षी. गेल्या वर्षीही नव्हतं. पण पाणी कुठे, वाट कुठली, कधी निघायचं, सगळं तीच ठरवते." शिंदेंनी माझ्याकडे बघितलं. "त्यांच्यात कलिंग नसतं मॅडम. त्यांच्याकडे डॉक्टर नाही ना."

वाडीत बातमी लवकर पसरते.

सव्वापाचला माळाच्या चढावर घंटा वाजली. म्हशी येत होत्या. पुढे राणी.

राणीबद्दल सांगायला हवं. काकींनी तिला गेल्या वर्षी घाटावरून आणलं. मुऱ्हा जातीची, शिंगं जिलबीसारखी वळलेली, अंगाने इतर म्हशींपेक्षा सव्वापट. चांगली दुभती. आता गाभण असल्याने आटवलेली, म्हणून इतरांबरोबर चरायला सोडलेली. गोठ्यात ती सगळ्यांना ढकलून आधी पाणी पिते. घरात रीत अशी की दिवाळीच्या पाडव्याला म्हशी धुऊन, रंगवून, सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या म्हशीच्या गळ्यात सासऱ्यांच्या वेळची पितळी घंटा बांधायची. घंटा मानाची. दहा-अकरा वर्षं ती चांदीच्या गळ्यात होती, कारण पहिली बरीच वर्षं दूध तिचंच जास्त होतं आणि पुढे कुणी बदलली नाही. या पाडव्याला काकींनी ती राणीला बांधली.

म्हशी घंटेमागून येतात, असं घरात सगळे मानत होते. इतकी वर्षं तसंच दिसतही होतं.

राणी ओढ्यापासून साठ-सत्तर पावलांवर आली. तिथे तिला गव्यांचा वास लागला असावा. ती थबकली. नाक वर केलं. घंटा थांबली. मागच्या सात म्हशीही थांबल्या. पाण्याशी उभ्या असलेल्या फाटक्या कानाच्या मादीने मान वळवून बघितलं, नाकातून शिट्टीसारखा आवाज काढला आणि पिल्लांच्या पुढे येऊन उभी राहिली. हल्ला नाही. फक्त उभी राहिली.

राणी गर्रकन फिरली आणि चढावर पळाली. तिच्यामागे सगळ्या. घंटा दूर गेली.

वीस मिनिटांनी म्हशी पुन्हा आल्या. पुन्हा त्याच जागी राणी थबकली, पुन्हा फिरली. एक बारीकशी, मोडक्या शिंगाची म्हैस पुढे जाऊ बघत होती. राणीने तिला डोक्याने बाजूला सारलं.

सहा वाजता गवे आले त्याच वाटेने परत गेले. तोवर म्हशी माळावर पोचून रात्रीसाठी बसल्या होत्या.

आम्ही जे बघितलं ते सोपं होतं. कळपात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि माणसं त्यांची गल्लत करतात. एक दरारा. आधी कोण पिणार, कोण कुणाला ढकलणार. दुसरं पुढारपण. कोण आधी पाऊल टाकतं आणि बाकीच्या कुणामागून जातात. ज्याचा दरारा तोच पुढारी, असं म्हशींत आणि गव्यांत असेलच असं नाही. बहुतेकदा नसतं. पुढे चालणारी साधारणपणे वयस्क मादी असते, वाट माहीत असलेली. चांदी गेली तेव्हा ती जागा रिकामी झाली. त्या जागेवर दरारा असलेली जाऊन उभी राहिली. घाटावर वाढलेली. गवा तिने जन्मात बघितलेला नव्हता.

"चांदी काय करायची?" मी काकींना विचारलं. "गवे असले म्हणजे?"

"काय करनार? जायाची बाजूनं. दरसाल येतात ते. ती त्यांच्याकडं बघायची पन नाय."

खाली येताना विठोबा भेटले. हातात सिमेंटची रिकामी गोणी, तिच्यात सुतळी बॉम्ब.

"झालं बघून? आता उद्या सांजेला..."

"उद्या सांजेला साडेसहापर्यंत थांबा," मी म्हणाले. "त्यानंतर मी अडवणार नाही."

अडवणं माझ्या अधिकारातही नव्हतं. पण ते थांबायला तयार झाले. गोणी मात्र सोडली नाही.

सकाळी आम्ही बिरवाडीला गेलो. सुरेखाचा नवरा एमआयडीसीत कामाला. खोल्यांची चाळ, सगळे भाडेकरू कामगार. मागच्या मोकळ्या पट्टीत चांदी बांधली होती. तिच्यावरून दोरी गेली होती आणि दोरीवर शिफ्टचे निळे शर्ट वाळत होते. बरगड्या दिसत होत्या. दाव्याने मानेवर चट्टा पडला होता. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यामुळे तिचं नाव चांदी. ठिपका मळून राखाडी झाला होता.

सुरेखाच्या सासूबाईंनी स्वागत केलं. "न्या बाय हिला. वैरन टाकली तर तोंड लावीत नाय. निस्ती डोंगराकडं तोंड करून हुबी. शेजारी इचारतात, मावशी, म्हस आनली का पाहुनी?"

सगुणाकाकी पुढे झाल्या. चांदीने त्यांचा हात हुंगला. काकी म्हणाल्या, "चल गो." त्यांनी दावं सोडलं.

टेम्पोत चढवायला पाच माणसं लागली. दरम्यान जिल्ह्याच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला.

"तुम्ही कुठे आहात?"

"बिरवाडीत, सर. एक म्हैस टेम्पोत चढवतेय."

"बिरवाडी महाड तालुक्यात येतं."

"हो सर."

"गव्यांच्या प्रकरणाचा रिपोर्ट मागितलाय वरून. एका ओळीत कारण लिहून पाठवा. गव्यांचा उपद्रव, एवढं पुरे."

"उद्या पाठवते, सर. कारण अजून बघतेय."

"त्यात बघायचं काय असतं?" त्यांनी फोन ठेवला.

डांबरी रस्ता संपला तिथे चांदीला उतरवलं. ती पाच मिनिटं नुसती उभी राहिली. गुडघे थरथरत होते. हिला चढण झेपेल का, हा प्रश्न मला टेम्पो ठरवण्याआधी पडायला हवा होता. मग तिने वाट धरली. पाऊण तासाच्या चढणीला तिने सव्वा तास लावला. मी तिच्याही मागे होते. वाडीत ती थांबली नाही. गोठ्याकडे बघितलं आणि सरळ ओढ्याकडे निघाली.

पाच वाजून गेले होते. गवे पाण्यावर आलेले होते. आम्ही कालच्याच खडकावर. आज विठोबाही गोणीसकट आले होते. माळावर घंटा वाजत होती.

चांदी ओढ्याशी पोचली आणि चरू लागली. पंधरा-वीस मिनिटं ती चरतच होती. तीन आठवड्यांनी तिला हिरवं मिळालं होतं. गवे तिच्यापासून तीस पावलांवर. फाटक्या कानाच्या मादीने मान वर केली, बघितलं आणि परत पाण्यात तोंड घातलं.

"ही तर चरत बसली," विठोबा म्हणाले.

"गप रे, भावोजी," काकी म्हणाल्या.

चढावर राणी आली. तिच्या ठरलेल्या जागी थबकली. नाक वर. गव्याच्या मादीने शिट्टी दिली, दोन पावलं पुढे आली. विठोबांचा हात गोणीत गेला. काडेपेटी खिशातून बाहेर आली. नामदेव उठले, गोणी विठोबांच्या हातातून काढून घेतली, खडकावर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"अरे, फुटंल की!"

"फुटू दे. मे महिन्यात रिटायरच व्हायचंय."

त्या वेळी चांदीने मान वर केली आणि एकदा हंबरली. आवाज फार मोठा नव्हता. मग तिने ओढा ओलांडला, चढावर वीसेक पावलं गेली आणि उभी राहिली. मोडक्या शिंगाची म्हैस राणीच्या बाजूने खाली आली. या खेपेला राणीने तिला अडवलं नाही. दोघींनी एकमेकींचं तोंड हुंगलं. चांदी वळली आणि आली त्याच वाटेने, त्याच चालीने परत निघाली. मोडक्या शिंगाची तिच्यामागे. मग आणखी दोन. मग बाकीच्या, एकीमागे एक. गव्यांना वळसा वीस पावलांचा होता. म्हशींनी गव्यांकडे बघितलं नाही. राणी शेवटी आली, जवळजवळ पळत. गळ्यातली घंटा सगळ्यांच्या मागे वाजत होती.

सगुणाकाकी मोजत होत्या. "पाच. सहा. सात." त्या थांबल्या. "मोरी नाय."

मोरी आज-उद्यावर आलेली म्हैस. विण्याची वेळ झाली की म्हैस कळपापासून बाजूला होते, आडोसा बघते. कळप ठिकाणावर असला तर ती एक-दोन दिवसांत रेडकू घेऊन परत येते. तीन दिवस भेदरून खाली-वर पळणाऱ्या कळपामागे ती किती फिरली असेल, सांगता येत नाही. शिंदे आणि विठोबा उजेड असेपर्यंत शोधत होते. बॉम्बची गोणी विठोबांनी स्वतःहून खडकावरच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरी आपल्या आपण ओढ्यावर आली. एकटी. कास भरलेली, मागचं अंग रक्ताने माखलेलं. ती दर थोड्या पावलांनी मागे वळून हंबरत होती. कारवीत शिंदेंना जागा सापडली. बिबट्याचे ठसे होते. रेडकू मिळालं नाही.

गव्यांचा आणि म्हशींचा कळप, दोन्ही आपल्या पिल्लांभोवती कडं करतात. मोरीभोवती कडं करायला कुणी नव्हतं.

मी मोरीला औषध दिलं. काकी दावं धरून होत्या. मी म्हणाले, "काकी, चूक माझी आहे. मी नीट बघितलं नव्हतं."

"अर्धी तुमची," त्या म्हणाल्या. "घंटा मी बांधली."

मोरीने औषध गिळलं.

एका संध्याकाळवरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. चौथ्या दिवशी राणीची भीती आपोआपही मोडली असती. वारा वेगळा असता तर तिला वासच लागला नसता. पण चांदी पुढे झाली आणि बाकीच्या मागे आल्या, एवढं पाच माणसांनी बघितलं.

रिपोर्ट मी त्याच दिवशी पाठवला. कारण: कळपाचे नेतृत्व करणारी म्हैस काढण्याचा चुकीचा सल्ला. सल्ला देणारा अधिकारी: स्वतः. साहेबांचा फोन अर्ध्या तासात आला.

"हे असं कुणी लिहितं का? तुमची नोकरीची किती वर्षं राहिली?"

"सतरा महिने, सर."

"मग?"

मी तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली.

"गव्यांचा वावर, असं करा," ते म्हणाले. "उपद्रव नको तर वावर लिहा."

मी बदललं नाही. रिपोर्ट तिथेच कुठेतरी असेल. कुणी पुन्हा विचारलं नाही.

चांदी दारालगतच्या दावणीला आहे. घंटा काकींनी राणीच्या गळ्यातून काढली आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली. कुणालाच बांधली नाही. विठोबांच्या मते घंटेविना म्हशी ऐकू कशा येणार. काकी म्हणतात, येतात की घरी, ऐकायचं काय त्यात. चांदी अजून किती वर्षं चालेल हे सांगता येत नाही. मोडक्या शिंगाची म्हैस आता रोज तिच्या अगदी मागून चालते. तिच्याकडे लक्ष ठेवायला मी काकींना सांगितलं आहे. ती दूध कमी देते. यादीत तिच्याही नावापुढे खूण होती.

गेल्या महिन्यात यादी दुरुस्त करण्याचं पत्र आलं. आता ती कॉम्प्युटरवर भरतात. चांदीच्या नावापुढे मी लिहिलं, दूध शून्य. पुढचा रकाना, अनुत्पादक आहे का? मी लिहिलं, नाही. लाल अक्षरांत सूचना आली की या दोन नोंदी एकत्र चालत नाहीत. तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

शेवटी मी ती नोंद दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरात हाताने केली. जनावराचं नाव, वाडी, आणि शेऱ्यात एक ओळ: ही वाट दाखवते, काढू नये. माझ्या जागी जे डॉक्टर येतील त्यांनी ते रजिस्टर उघडावं. सापडलं नाही तर नामदेवांना विचारावं. त्यांना त्या डोंगरातली प्रत्येक वाट आणि प्रत्येक गोठा माहीत आहे. त्यांच्यानंतर ते पद भरणार नाही, असं पत्र आलं आहे. ते मेअखेरपर्यंत आहेत.